बर्फ नसलेली नदी : एका नमुना उत्तराची चिकित्सा

‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नाशी शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे जुने नाते आहे. त्यातले एक विधान तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : हिमालयातील नद्या बारमाही असतात, दख्खनच्या पठारावरील नद्या मात्र हंगामी असतात. उत्तरही ठरलेले. हिमालयातील नद्यांना पावसाळ्यात पावसाचे आणि उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी मिळते. पठारावरील नद्या केवळ पावसावर अवलंबून असतात. म्हणून पहिल्या बारमाही, दुसऱ्या हंगामी. तीन वाक्ये, तीन गुण. आम्ही हे उत्तर लिहूनच पास झालो आणि पुढे बरीच वर्षे तेच फळ्यावर लिहून देत आलो.

मंगळवेढ्यात एका वर्गात हे लिहून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, एप्रिलात भीमेला पाणी असतं आणि माणला नसतं, ते का? बर्फ तर दोघींनाही नाही.”

प्रश्न साधा होता, पण आमच्याजवळ उत्तर नव्हते. तालुक्याच्या उत्तरेकडून भीमा जाते. माण नदी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात उगम पावते आणि आटपाडी, सांगोला ओलांडून आमच्याकडे येते व भीमेला मिळते. दोन्ही नद्या पावसाच्या, दोन्ही पठारावरच्या, दोन्हींच्या काठी तीच काळी जमीन आणि तेच ऊन. तरीही बहुतेक उन्हाळ्यांत एकीच्या पात्रात पाणी असते आणि दुसरीच्या पात्रातून बैलगाडी जाते. (अलीकडे टेंभू, म्हैसाळ या योजनांतून कृष्णेचे उपसलेले पाणी आले, की माणचेही चित्र तेवढ्यापुरते बदलते.) नमुना उत्तराला हा फरक सांगता येत नाही. जे उत्तर गावच्या दोन नद्यांतला फरक सांगू शकत नाही, ते दोन हजार किलोमीटर दूरच्या नद्यांबद्दल तरी कितपत खरे असेल, अशी शंका आम्हांला तेव्हापासून आली आणि आम्ही ते उत्तर तपासायला घेतले.

आधी हिमालयाकडे पाहू. बर्फ वितळते ते साधारण एप्रिलपासून पुढे. डिसेंबर-जानेवारीत बर्फ साठत असते, वितळत नसते. मग जानेवारीत गंगेला पाणी कुठले? ते मुख्यतः जमिनीत मुरलेले आणि हळूहळू झिरपत पात्रात येणारे पाणी असते. म्हणजे बारा महिन्यांपैकी ऐन हिवाळ्यापुरते तरी नमुना उत्तर हिमालयातही लागू पडत नाही. दुसरे असे, की ‘हिमालयातील नद्या’ असा एकच गट करणे धोक्याचे आहे. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतील संशोधकांनी बर्फ व हिमनद्यांच्या पाण्याचा वार्षिक वाटा काढला तेव्हा सतलजला भाक्राजवळ तो सुमारे ५९ टक्के आला, चिनाबला अखनूरजवळ सुमारे ४९ टक्के आणि गंगेला देवप्रयागजवळ तीस टक्क्यांच्या आतच. देवप्रयागच्या खाली मैदानात गंगेला जसजशा पावसाच्या नद्या मिळत जातात, तसतसा हा वाटा आणखी घटतो. पाटण्याची गंगा ही प्रामुख्याने पावसाची नदी आहे, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

भाक्रा धरणामागचा गोविंदसागर हा जलाशय या दृष्टीने फार बोलका आहे. त्याच्या पाणलोटात एकच एक हवामान नाही. वरचा स्पितीचा भाग पर्वतांच्या आडोशाला, पर्जन्यछायेत आहे. मोसमी वारे तिथे पोचेपर्यंत कोरडे झालेले असतात. तिथे पाणी येते ते हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर, बर्फाच्या रूपाने. खालच्या भागात मात्र जुलै-ऑगस्टचा पाऊस आहे. एकाच तळ्यात दोन ऋतूंचे पाणी येते : आधी वितळलेल्या बर्फाचे आणि मग पावसाचे. ‘सतलज खोऱ्यातील सरासरी’ असा एक आकडा काढला, की हा सगळा देखावा पुसला जातो.

आता स्वतःच्या तळ्याकडे येऊ. मंगळवेढ्याच्या भीमेला उन्हाळ्यात पाणी दिसते ते उजनी धरणामुळे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाचे, म्हणजे यशवंतसागराचे, पाणलोट क्षेत्र सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटर आहे. भीमाशंकरपासून निघालेली भीमा, भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, कुकडी, घोड या सगळ्यांचे पाणी तिथे येते. नकाशावर हे क्षेत्र सलग रंगाने भरलेले दिसते. प्रत्यक्षात या पंधरा हजारांतला फार थोडा भाग तळे भरतो. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या अरुंद पट्टीत, लोणावळ्यासारख्या ठिकाणी, वर्षाला चार हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्यात तो सातशेच्या आसपास उतरतो आणि दौंड-इंदापूरला साडेचारशे-पाचशेवर येतो. आमच्या मंगळवेढ्याचाही साधारण एवढाच.

इथे आठपट पाऊस म्हणजे आठपट पाणी, असा हिशेब मुले करतात. आम्हीही करत होतो. तो चुकीचा आहे, कारण कोरड्या भागातला पाचशे मिलिमीटर पाऊस बराचसा तिथल्या तिथेच जिरतो किंवा वाफ होऊन जातो. उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून आमच्या भागात वर्षाला दीड-दोन मीटर थर उडून जातो, म्हणजे पडतो त्याच्या तिप्पट-चौपट. घाटमाथ्यावरचा पाऊस मात्र ओल्या झालेल्या उतारावर पडतो आणि वाहून जातो. म्हणून नदीत येणाऱ्या पाण्याची तफावत पावसाच्या तफावतीपेक्षा कितीतरी मोठी असते. माणचे उत्तर यातच आहे. माणचा उगमच पर्जन्यछायेत आहे. तिला घाटमाथा नाही.

पण घाटमाथा असूनही भागत नाही. कोकणातल्या नद्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस मिळतो, तरी त्यांपैकी अनेक फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात. उलट नर्मदेला बर्फाचा एक थेंब मिळत नाही आणि ती बारमाही आहे. तेव्हा पाणी किती पडते, एवढेच विचारून चालत नाही. पडलेले पाणी कुठे थांबते आणि किती दिवस थांबते, हे विचारावे लागते. बर्फ ही थांबण्याची एक जागा आहे. जमिनीखालचा खडक आणि माती ही दुसरी. धरण ही तिसरी, माणसाने केलेली. नमुना उत्तराने यांतली पहिलीच जागा पाहिली आणि तिलाच कारण म्हटले.

उजनीपूर्वीची भीमा आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. उन्हाळ्यात डोह तेवढे राहत आणि वाळूत झिरा खणून पिण्याचे पाणी घ्यावे लागे. त्या काळी नमुना उत्तर भीमेला बऱ्यापैकी लागू पडत होते, हे मान्य करायला हवे. आज एप्रिलात पात्रात जे पाणी दिसते ते कुणीतरी दार उघडून सोडलेले असते. सोलापूर शहरासाठी औज-टाकळीकडे जाणारे पाणी नदीच्या पात्रातून गेले, की वाटेत पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या काठालाही नदी वाहती दिसते. बर्फ तापमान वाढले की वितळते. उजनीचे ‘बर्फ’ मात्र बैठकीत ठरलेल्या आवर्तनाप्रमाणे वितळते. हा फरक भूगोलाचा, की नागरिकशास्त्राचा? आमच्या मते दोन्हींचा. एका तासात न बसणारा म्हणून तो कुठल्याच तासाला शिकवला जात नाही.

आणखी एक दार या खोऱ्यात आहे आणि ते पश्चिमेला उघडते. लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी या टाटांच्या धरणांतले पाणी बोगद्यांनी आणि नळांनी घाटाखाली नेऊन वीज केली जाते : खोपोलीला १९१५ पासून, भिवपुरीला १९२२ पासून आणि भिऱ्याला १९२७ पासून. मुळशीचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. मुळशीचे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातले होते, ही बाब फारशी ठाऊक नसते. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या हिशेबात हा वापर वर्षाला सुमारे ४२ टीएमसी धरलेला आहे. उजनीचा जिवंत साठा आहे सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी. हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २.८३ कोटी घनमीटर. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि तिच्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३.५ टीएमसी, ‘मृत’ साठा. नेहमीच्या दारांतून कालव्याला देता येत नाही तो मृत. वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. तळ्यात उणे पाणी कसे असेल, असे मुले विचारतात, आणि त्यांचे बरोबर आहे. शून्य जिथे धरले तिथे पाणी संपत नाही, मृत साठा सुरू होतो. उणे ५० म्हणजे मृत साठ्यातून जिवंत साठ्याच्या निम्मे, सुमारे २७ टीएमसी उपसले गेले. उरले सुमारे ३७, म्हणजे एकूण क्षमतेच्या एकतीस-बत्तीस टक्के. त्यातही तळाच्या गाळाने किती जागा अडवली आहे, हा प्रश्न राहतोच. आठवीच्या वर्गाला हे गणित घालून पाहा. ऋण संख्यांचा याहून जिवंत दाखला निदान सोलापूर जिल्ह्यात तरी सापडणार नाही.

येथवर जागेचा विचार झाला. काळाचा विचार याहून अवघड आहे, आणि तिथे नमुना उत्तरापेक्षा आमच्याच सवयींवर टीका करावी लागेल. ‘पूर्वी पाऊस चांगला होता, आता कमी झाला’ हे वाक्य आम्ही शिक्षकखोलीत कितीदा बोललो असू! भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञांनी १९०१ ते २००३ च्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष याच्या उलट आहे : मध्य महाराष्ट्र या उपविभागात मोसमी पावसाचा कल वाढता दिसतो. मग आम्ही चूक ठरलो का? घाई नको. ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात महाबळेश्वरही येते आणि मंगळवेढाही. एका बाजूला हजारो मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला पाचशे. घाटाकडच्या थोड्याशा फरकाने सबंध उपविभागाचा आकडा हलू शकतो आणि त्यातून आमच्या शिवारात काय झाले हे कळत नाही. शास्त्रज्ञांचे काही चुकले नाही. त्यांनी उपविभागाविषयी विचारले आणि उपविभागाचे उत्तर दिले. ते आपल्या गावाचे उत्तर समजणे ही वाचणाऱ्याची चूक.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हांला या बाबतीत जास्त उपयोगाचा वाटतो. त्यांनी १९५१ ते २००० या काळात मध्य भारतातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी घेतल्या. हंगामी सरासरीत लक्षणीय बदल नव्हता. पण अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. दोन्ही एकमेकांना झाकत होत्या. त्यांनी घेतलेल्या नकाशाच्या चौकटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मंगळवेढाही बसते. शेतकरी म्हणतो ‘पाऊस बिघडला’ आणि तक्ता म्हणतो ‘सरासरी तीच’, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात.

मंगळवेढ्याच्या ज्वारीवरून हे चटकन समजावता येते. इथली ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस खोल काळ्या जमिनीत मुरतो, त्यावर पेरणी होते आणि पुढे महिनोन्‌महिने पीक त्याच ओलीवर उभे राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ याच ओलीच्या हिशेबाने प्रसिद्धीला आली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे खरे तळे यशवंतसागर नव्हे, पायाखालची माती आहे, असे जुने शेतकरी म्हणतील, आणि नदीपासून दूर असलेल्या दक्षिण भागाला ते शब्दशः लागू आहे. आता समजा, तोच दीडशे मिलिमीटर पाऊस आठ दिवस रिमझिम न पडता एका रात्रीत पडला. माती तेवढा पिऊ शकत नाही. बांध फुटतात, पाणी ओढ्याला जाते. पर्जन्यमापकात आकडा तोच आणि शेतातली ओल निम्मी. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागराकडून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर जिल्ह्यात असाच पाऊस पाडला. त्या वर्षाची सरासरी पाहणाऱ्याला ते वर्ष उत्तम वाटेल.

तळ्याचेही तसेच. घाटमाथ्यावर पाऊस झाला, की वरची धरणे भरतात आणि मग उजनी, ही आमची नेहमीची समजूत. २०२५ च्या मे महिन्यात मोसमी पाऊस फार लवकर आला आणि बारामती, दौंड, इंदापूर या एरवी कोरड्या पट्ट्यात जोरदार कोसळला. उजनीचा साठा मे संपता संपताच उण्यातून अधिकात आला. पाणलोटाच्या ज्या भागाला आम्ही वर ‘फार थोडे पाणी देणारा’ म्हटले, त्यानेच त्या वेळी तळ्याला हात दिला. एका वर्षावरून कल ठरत नाही. पण आमचा तक्ता पूर्ण नाही, एवढे त्यावरून समजले.

कल ठरवताना कुठली वर्षे धरायची, हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. भीमा ही कृष्णेची उपनदी. तिच्या पाण्याचा हिशेब कृष्णेच्या वाटपात होतो. बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदी धरून कृष्णेत चारांपैकी तीन वर्षे खात्रीने मिळणारे पाणी २०६० टीएमसी ठरवले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० च्या निर्णयात १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली. तोच आकडा २१७३ झाला, आणि नुसती सरासरी २५७८. नदी तीच, आकडे तीन. कृष्णेचे पाणी वाढले, असा याचा अर्थ काढता येईल का? वर्षे वेगळी, मोजणीची साधने वेगळी, मधल्या काळात बांधलेली धरणे वेगळी. आंध्र प्रदेशाचा या निवडलेल्या वर्षांवरच आक्षेप होता. राज्याराज्यांतला तंटा जिथे ‘सुरुवात कुठून करायची’ यावर अडतो, तिथे आमच्या शिक्षकखोलीतल्या ‘पूर्वी’ या शब्दाची काय कथा! ‘पूर्वी’ म्हणजे १९७२ च्या आधी, की नंतर? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

हिमालयाच्या बाबतीतही ही घाई महागात पडली आहे. २००७ च्या आंतरराष्ट्रीय हवामानबदल अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता मोठी असल्याचे विधान शिरले. जानेवारी २०१० मध्ये ते चुकीचे असल्याचे मान्य करावे लागले. काहींनी लगेच उलटे टोक गाठले आणि हिमनद्यांना काहीच झालेले नाही असे म्हटले. तेही खोटे. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने वितळल्या. म्हणजे ज्या बर्फामुळे नदी ‘बारमाही’ म्हणून आपण गुण देतो, ते बर्फच स्थिर राहिलेले नाही. पाठ्यपुस्तकातले ‘असतात’ हे क्रियापद तिथेही तपासायला हवे.

मंगळवेढ्याच्या दक्षिण भागात ‘पस्तीस गावांचा पाणीप्रश्न’ हे शब्द मुलांच्या कानांवर जन्मापासून असतात. त्यातल्या चोवीस गावांसाठीच्या उपसा सिंचन योजनेला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. या गावांतून येणाऱ्या मुलाला ‘पठारावरील नद्या हंगामी असतात’ एवढेच शिकवले, तर आपल्या गावाचा कोरडेपणा हा निसर्गाचा ठराव आहे असे त्याला वाटेल. तो काही अंशी निसर्गाचा आहेच. पर्जन्यछाया कुणी बैठकीत ठरवलेली नाही. पण भीमेचे पाणी कुठे थांबवायचे, किती सोडायचे आणि कुणापर्यंत चढवायचे, हे ठरवलेले आहे. निसर्गाचा भाग कोणता आणि माणसांचा कोणता, हे वेगळे करून दाखवणे भूगोलाच्या तासाला शक्य आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचे सरकारी धान्याचे कोठार उघडले, ही कथा इथे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. कोठार, त्याचे कुलूप आणि किल्ली कुणाकडे, या तीन गोष्टी मुलांना वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

यंदाच्या सराव परीक्षेत आम्ही तोच जुना प्रश्न मुद्दाम घातला. बहुतेकांनी नमुना उत्तर लिहिले आणि त्यांना आम्ही पूर्वीप्रमाणे तीन गुण दिले. एका मुलाने लिहिले होते, “माण नदीच्या पाण्याला थांबायला जागा नाही म्हणून ती हंगामी आहे. भीमेला उजनी आहे म्हणून ती सोडली की वाहते. हिमालयात बर्फ आणि जमीन दोन्ही आहेत.” हिमालयाचा मुद्दा अपुरा, भाषा तुटक. आमच्यात बराच वाद झाला आणि शेवटी आम्ही त्यालाही तीनपैकी तीन दिले. पेपर परत देताना मात्र, मोठ्या परीक्षेत फळ्यावरचेच उत्तर लिही, असे आम्हीच त्याला सांगितले. त्याने “का?” असे विचारले. पुढच्या तासाची घंटा झाली होती.